शिमग्यात मी पुरलेला नारळ

"घरात बारा महिने शिमगा असतो, तोही फुकट. तो सोडून तिकीट काढून कोकणात कशाला?" असं आमच्या मंगलचं म्हणणं पडलं. मंगल, म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते, त्यामुळे तिचं म्हणणं म्हणजे निकालच. पण या खेपेला मी हट्ट सोडला नाही.

माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचं आजोळ संगमेश्वराकडचं. त्याच्या डोळ्यांत थेंब घालून बसवलं होतं, तेव्हा वेळ जावा म्हणून तो सांगत होता, "आमच्याकडं शिमग्यात खूण काढतात. जमिनीत कुठंतरी नारळ पुरतात आणि देवीची पालखी तो हुडकून काढते."

मी म्हटलं, "माझ्याकडं येणाऱ्यांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि तुमच्या पालखीला जमिनीखालचं दिसतं?"

"जाऊन तर बघा," तो म्हणाला. तेवढ्यावर मी गेलो. डोक्याला ताप करून घेण्यासाठी मला फार मोठं कारण लागत नाही.

आधीच सांगतो, गावाचं नाव लिहिणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते वाचलंत की कळेल. तुम्हाला जायचं असेल तर संगमेश्वर तालुक्यात शिमग्याला कुठेही जा, पालखी भेटतेच. फक्त गावागणिक दिवस वेगळे असतात, तेव्हा आधी फोन करा.

साताऱ्याहून कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. एसटीने जा, मजा येते. एक अनुभवाचा सल्ला: घाटात मागच्या खिडकीजवळ बसू नका. पुढच्या खिडकीतल्याने सकाळी जे खाल्लं असेल ते तुमच्याकडे येतं. माझ्या पुढे बसलेल्या काकांनी मिसळ खाल्ली होती. कंडक्टरला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काच लावून घ्यायची की मग."

चिपळुणात जेवलो आणि महामार्गाच्या गाडीत बसलो. रस्ता बराचसा झालाय, उरलेला होतोय आणि झालेल्यातला थोडा परत उकरलाय. संगमेश्वरला उतरून पुढे रिक्षा. रिक्षावाला भाडं सांगतो, आपण निम्मं सांगायचं, तो हसतो, आपण सगळं द्यायचं. रिक्षा गावच्या एसटी थांब्यापाशी सोडते. तिथून चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट खाली वाडीत उतरते. तिला पाखाडी म्हणतात. बॅगेला चाकं असतील तर ती इथे बॅगेसकट डोक्यावर घ्यावी लागतात.

माझा मुक्काम शालूताईंकडे होता. नवरा मुंबईला गिरणगावातल्या एका छापखान्यात, मुलगी पुण्यात शिकायला आणि या इथे सासऱ्यांना घेऊन राहतात. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. खोली आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी बाराशे. स्वच्छ संडास, गरम पाणी चुलीवरचं. पहिल्या रात्री ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळाली. ती उसळ खाताना मी कुणाशी बोललो नाही. बोलण्यासारखं दुसरं काही राहिलंच नव्हतं.

अंगणात एक थोरला आंबा आहे, कैऱ्यांनी वाकलेला. त्याच्याखाली खाटेवर शालूताईंचे सासरे, तात्या, बसलेले असत. वय ऐंशीच्या पुढे. अर्धांगाचा झटका येऊन डावा पाय गेलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला असली काडी बघवत नाही. पाकिटात बारीक स्क्रू आणि पेचकस असतोच, तिथल्या तिथे बसवून दिली.

"नंबर पण जुना झालाय तात्या," मी म्हटलं.

"माणूस पण जुनाच हाय," तात्या म्हणाले. "चालतंय."

तेवढ्यात लांबून ढोलाचा आवाज आला. तात्यांनी मान वर केली. "मारुतीच्या देवळापाशी आली पालखी," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आता शाळा." मग, "आता वळली." डोळ्यांना अंगणाबाहेरचं काही दिसत नव्हतं, पण ढोलावरून सगळा रस्ता सांगत होते. आवाज जवळ येत चालला. पाखाडीच्या तोंडाशी आला आणि एकदम थांबला. चिडीचूप. नंतर बऱ्याच पुढे, खालच्या वाडीच्या बाजूला परत सुरू झाला.

"मध्ये काय झालं?" मी विचारलं.

तात्या चष्मा काढून धोतराने पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, मी नुकताच पुसला होता.

शालूताईंनी नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. होळीसाठी गाव दरवर्षी कुणाच्या तरी आवारातलं झाड निवडतं. वाजतगाजत येतात, तोडतात, नाचवत नेतात. ज्याचं झाड त्याचा मान. मागे एका वर्षी अंगणातला हाच आंबा निवडला. शालूताई कोयती घेऊन झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी मला तोडा नि मग ह्याला. तात्या उन्हाळाभर ह्याच्याखाली बसतात. मान घेऊन काय उन्हात बसवू त्यांना?"

गावाने झाड दुसरीकडचं नेलं. पण देवीच्या पालखीचे मुख्य मानकरी दाजी, त्यांनी सगळ्या गावासमोर सांगून टाकलं की या घराच्या पाखाडीवर पालखी उतरणार नाही.

"म्हणजे वाळीत टाकलं?" मी म्हटलं. "तो गुन्हा आहे आता."

"छे हो! वाळीत कोण टाकतंय?" शालूताई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "सगळी बोलतात, येतात, चहा पितात. फक्त पालखीला दरवर्षी उशीर झालेला असतो. आमच्या पाखाडीपाशीच बरोब्बर होतो."

आणि तात्या कोण? तर उभ्या पंचक्रोशीत पालखी नाचवणारा पहिल्या नंबरचा गडी. दाजीच्या खांद्यावर पालखीचा दांडा पहिल्यांदा ठेवला तो तात्यांनी. चार शिमगे झाले, म्हातारा न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून अंगणात बसतो आणि ढोल पाखाडीपाशी मुका होतो. "पुढच्या शिमग्याला असतील की नसतील," शालूताई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी करपली. मला त्या गावाचा असा काही संताप आला की मी करपलेली भाकरीसुद्धा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. आता माझी अक्कल कुठे चरायला गेली ते ऐका.

देवळासमोरच्या चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, पालखी बसली होती. भोवती गावकरी. मधोमध दाजी. साठीचे, चिरेखाणीचा धंदा, मिशा अशा की आधी मिशा येतात आणि मागून दाजी. नाकावर जाड चष्मा, डावीकडे झुकलेला. मला तो सरळ करायची फार इच्छा झाली.

"पाव्हणं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याचा."

"हितं कोण नात्यागोत्याचं?"

"कुणी नाही. पहिल्यांदाच आलोय."

हे ऐकून सगळ्यांना केवढा आनंद झाला. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत, अनोळखी माणूस बघून इतका आनंद साताऱ्यात कुणाला होत नाही. गुरव पुढे आले. माझ्या ओंजळीत एक असोला नारळ दिला, म्हणजे सालासकटचा, न सोललेला. त्याला लाल दोरा गुंडाळलेला. वर एक विडा. काय हा पाहुणचार! मी नारळ बगलेत मारला आणि विडा तोंडात टाकला.

ढोल थांबला.

"इडा खाल्लान की वो ह्यांनी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

झालं असं. खूण लपवायला दरवर्षी परका माणूस लागतो, कारण गावातल्याने लपवली तर वरची वाडी म्हणते खालचीने सांगितलं आणि खालची म्हणते वरचीने. परक्याच्या हातात नारळ आणि विडा देतात. नको असेल त्याने विडा देवीपुढे परत ठेवायचा आणि हात जोडायचे. कबूल असेल त्याने कपाळाला लावायचा. खायचा कुणीच नसतो. आजवर कुणी खाल्लाही नव्हता. माझ्या विड्याला परतीची वाटच उरली नाही. लवंग चांगली होती, एवढं म्हणेन.

मग नियम कळले. दुपारी पालखी उठायच्या आत नारळ शिवेच्या आत कुठेही पुरायचा. कुणाला सांगायचं नाही. जिथे सापडेल तिथे पालखी बसते आणि तिथे देवीची ओटी भरतात, मग ती जागा कुणाचीही असो. सापडला त्या वेळी दांडा ज्या वाडीच्या खांद्यावर, तिला पुढच्या वर्षी पहिला खांदा.

"आणि सापडलाच नाही तर?" मी विचारलं.

खालच्या वाडीचे पुढारी आप्पा माझ्या कानाशी आले. बारीक चणीचे, गोड बोलणारे, असल्यांची मला आधीपासून भीती वाटते. "मागं चिपळूणचा एक बँकवाला होता. नारळ पुरलान नि घाबरून पळाला."

"मग?"

"मग काय नाय. त्याची फटफटी अजून ग्रामपंचायतीच्या मागं हाय."

मी मंगलला फोन लावला.

"काय खाल्लंत?" तिने पहिलं हेच विचारलं.

"विडा."

"कुणाचा?"

"देवीचा."

ती म्हणाली, "मिळेल त्या गाडीनं परत या." पण गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

देवळातून निघालो तर मागे दोन मोटारसायकली. एक वरच्या वाडीची, एक खालच्या. मी चालत, त्या चालण्याच्या वेगाने मागे फटफटत. मी थांबलो की थांबत. मी झाडामागे गेलो तर इंजिन बंद करून वाट बघत. त्यात आप्पांचा माणूस येऊन हातात काजूची पिशवी कोंबून गेला आणि डोळा मारून म्हणाला, "नुसती दिशा सांगा." मी काजू घेतले. दिशा पूर्व सांगितली. तिकडे गावच नव्हतं, नुसता डोंगर.

खरं तर तोवर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. जिथे नारळ सापडेल तिथे पालखी बसते, जागा कुणाचीही असो. म्हणजे नारळ तात्यांच्या अंगणात पुरला तर? दाजीचा शब्द गेला खड्ड्यात, देवीच चालून येणार. मी शालूताईंना हळूच विचारलं. त्या एकदम पांढऱ्या पडल्या.

"आमच्याकडं नको हां! दाजीला संशय आला की तुमी नि आमी मिळून केला, तर मग खरोखरच वाळीत जाऊ. तुमी उद्या साताऱ्याला जाल. आमाला हितंच ऱ्हायाचा हाय."

बरोबर होतं त्यांचं. तरी मी ऐकलं नाही. तो म्हातारा धुतलेलं धोतर नेसून परत खाटेवर बसला होता, ते मला बघवेना. वाटलं, होईल ते होईल.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. दोन्ही मोटारसायकलवाले माझी खोली पुढच्या बाजूने राखत वडाखाली बसले आणि जेवणानंतर पेंगले. तात्यांना आत नेऊन निजवलं होतं. शालूताई मागे भांडी घासत होत्या. मी नारळ पिशवीत घातला. जाताना सवयीने खिशातल्या मार्करने त्याच्या सालावर हिरवा ठिपका दिला. काच फ्रेममध्ये बसवण्याआधी आम्ही तिच्यावर असा ठिपका देतो, बुबुळ कुठे येणार ते कळायला. म्हटलं, आपल्या कामावर आपली निशाणी. आणि खुरपं घेऊन न्हाणीच्या बाजूने आंब्यामागे गेलो.

तिथे दाजी उकिडवे बसले होते.

चार शिमगे या अंगणात पाऊल न टाकलेला माणूस, भर दुपारी, झाडाच्या बुंध्याआड. मला बघून तटकन उभे राहिले. हात मातीने भरलेले. ते त्यांनी खोडाला पुसले.

"पाव्हणं, हिकडं काय?"

"मी इथंच उतरलोय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "तुम्ही?"

"लघवीस आलेलो."

लघवीला मातीत हात कशाला घालावे लागतात, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, खुरप्याकडे पाहिलं. मग अगदी जवळ आले. मिशा माझ्या चष्म्याला लागतील एवढे.

"ह्या कुंपणाच्या आत खुरपं लागलं," ते हळू आवाजात म्हणाले, "तर कुंभार्ली घाट तुमाला परत दिसायचा नाय. लांब जावा. लांब कुठंतरी, घरांपासून."

मी पळालो. सरळ सांगतो, चष्म्याच्या दुकानात बसून घडवलेली माझी तब्येत आहे. दाजी पहाऱ्यालाच बसला होता, मी काय करणार ते त्याला आधीच कळलंय, अशी माझी खात्री झाली. म्हाताऱ्याची पालखी गेली ती गेलीच, आता आपला जीव वाचवा.

आता कोकणात नारळ पुरणं म्हणजे काय, ते ऐका. पुस्तकात लाल माती वाचलेली असते. प्रत्यक्षात दोन बोटं माती आणि खाली कातळ. शाळेमागे खुरपं मारलं, खण्णकन वाजलं. विहिरीपाशी मारलं, ठिणगी उडाली. देवराईच्या कडेला मारलं, खुरप्याचं टोक वाकलं. मऊ जमीन फक्त लोकांच्या परसात, आणि तिथे तर जायचं नाही. शेवटी एसटीच्या थांब्यामागे आलो. रस्त्याच्या कामाचा मुरूम आणि भरावाची माती तिथे आणून टाकलेली. हाताने उकरली तरी निघत होती. नारळ पुरला, वर पाय दाबला आणि थांब्यात बसून उगाच गाडीची वाट बघायचं नाटक केलं. सकाळच्या गाडीची, दुपारी.

पालखी उठली, तसा मीही जाऊन गर्दीत शिरलो. जे कधी गेले नाहीत त्यांना सांगतो, हे देवळातल्या शांत पालखीसारखं नसतं. ढोल-ताशे इतके जवळ की छातीत वाजतात. खांदेकरी पालखीला झुलवतात, उडवतात, भोवऱ्यासारखी फिरवतात आणि मग मध्येच ती ओढ घेते. कुणाच्या मनात आलं म्हणून की देवीच्या, ते खांद्यावर घेतलेल्यालाही सांगता येत नाही म्हणतात. पुढच्या दांड्याला वरच्या वाडीसकट दाजी होते, मागच्याला खालच्या वाडीसकट आप्पा.

मारुतीचं देऊळ झालं. शाळा झाली. मग मागच्या दांड्याने जोर केला आणि पालखी निघाली ती थेट एसटीच्या थांब्याकडे. आप्पांनी सकाळी माझे बूट बघितले होते आणि आता परत बघितले, त्यांना चिकटलेल्या मुरमासकट! थांब्याला एक वेढा झाला. दुसरा झाला. दांड्याचं टोक माझ्या नारळापासून हातभर अंतरावर खाली आलं. आणि दाजींनी पुढून असा हिसडा दिला की मागचे चौघे फरफटत गेले. पालखी गर्रकन फिरली.

ती पाखाडीच्या तोंडाशी आली. ढोलवाल्याने सवयीने टिपरी वर उचलली, थांबवायला. सगळे थांबायच्या तयारीत.

दाजी थांबले नाहीत. ते पहिली पायरी उतरले.

"वाजव रे!" ते ओरडले. "थांबलास का? वाजव!"

ढोल वाजला. चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून पालखी डुलत खाली उतरली, मागे अख्खं गाव. मी धावत पुढे गेलो. अंगणात तात्या खाटेवर ताठ बसले होते. तोंड पाखाडीकडे, ओठ हलत होते. ढोल थांबला नव्हता आणि त्यांना काही समजत नव्हतं. शालूताई दारात उभ्या, हाताला राख तशीच.

पालखी आंब्याखाली नाचली. दोनदा फिरली. दांड्याचं टोक बुंध्यामागे जमिनीला टेकलं आणि हलेना.

"हितं हाय! उकरा!"

आता मेलो, मी म्हटलं. इथे काहीच नाही, हे सगळ्या गावात मला एकट्याला माहीत. रिकामा खड्डा निघणार, आप्पा हसणार आणि त्या म्हाताऱ्याच्या अंगणातून देवी हात हलवत परत जाणार. चार वर्षं नाही आली ते परवडलं, ही अशी येण्यापेक्षा. लोक हाताने माती उपसत होते. मी डोळे मिटले.

एकच गलका झाला. डोळे उघडले तर गुरवांच्या हातात असोला नारळ. लाल दोरा गुंडाळलेला.

मी पुढे झालो, नारळ हातात घेतला, फिरवून बघितला. ठिपका नव्हता. वरून, खालून, कुठेच नव्हता.

मान वर केली तर समोर दाजी. झुकलेल्या चष्म्याच्या काचा आतून ओल्या. दांड्याला धरलेल्या बोटांच्या नखांत माती, दुपारचीच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहाऱ्याला नव्हता बसला तो. पुरायला बसला होता.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष अजून माझ्या बुटांवर होतं. "पाव्हण्यांनी बोलू दे. पालखीवर हात ठेवून बोलू दे. ह्योच नारळ तुमी पुरलात काय?"

सगळं गाव कान टवकारून उभं. माझं आयुष्यात कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. खरं बोललो तर पालखी उठणार आणि परत या पाखाडीवर कधी येणार नाही. खोटं बोललो तर देवीच्या समोर, तिच्या पालखीवर हात ठेवून. मी काही फार देवभोळा नाही, पण इतकाही शूर नाही. तात्यांकडे पाहिलं. माझ्याच हाताने सरळ केलेल्या चष्म्यातून ते माझ्याकडे बघत होते.

हात ठेवला. म्हटलं, "हाच."

मग जे झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. दाजींनी पालखी खाटेपाशी आणली आणि ते गुडघ्यांवर बसले. त्यांच्यामागोमाग बाकीचे खांदेकरी. दांडा बसलेल्या तात्यांच्या खांद्याएवढा खाली आला. तात्यांनी उजवा हात वर टाकला आणि खांदा लावला. बसल्या बसल्या म्हाताऱ्याने पालखी डोलवली. ढोलवाला रडत वाजवत होता. शालूताईंनी ओटी भरली, तोच नारळ घालून. आणि मग पदर खोचून दाजींना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येत नाहीत. "चार शिमगे कुठं मेलावतास?" एवढंच त्यातलं छापण्याजोगं. शिमग्यात शिव्या चालतात. दाजी मान खाली घालून सगळ्या ऐकून घेत होते, आणि मला वाटतं त्यांना बरंच वाटत होतं.

पहिला खांदा कुणाचा यावर दोन्ही वाड्या संध्याकाळपर्यंत भांडल्या. आप्पांनी काजू परत मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

सकाळी गाडीवर सोडायला दाजी आले. आम्ही थांब्यात बसलो. मी त्यांचा चष्मा मागून घेतला, काड्या सरळ केल्या, परत दिला.

"दाजी, माझा नारळ..."

"कुठला नारळ?" त्यांनी माझं बोलणं तोडलं. "मला सांगू नका कुठं हाय तो." मग सरळ झालेला चष्मा नाकावर चढवला. "मी सगळ्यांसमोर बोललेलो, पालखी उतरणार नाय. रागात बोललो. पण मानकऱ्याचा शब्द हाय तो, मला नाय फिरवता येत. देवीलाच येतो. तात्यांचं काय खरं नव्हतं. मग म्हटलं, देवीला थोडा हातभार लावावा."

"मग मला धमकी कशाला दिलीत?"

"तुमी तिथंच खणला असतात. एका खड्ड्यातनं दोन नारळ निघालं असतं, तर काय सांगितला असता गावाला?"

गाडी आली. जाताना गुळाची पिशवी दिली आणि डोळे वटारून म्हणाले, "घाट जपून."

घरी येऊन मंगलला सगळं सांगितलं. ती पेपर तपासत होती. लाल पेन बाजूला ठेवून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे देवीवर हात ठेवून खोटं बोललात," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने लग्नानंतर एकदोनदाच बघितलं असेल, आणि चहा टाकायला उठली. माझ्या लेखी प्रवासाचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

श्रावणात शालूताईंचा फोन आला. तात्या गेले. झोपेतच. आदल्या दिवसापर्यंत येईल त्याला सांगत होते, देवी स्वतः आली माझ्या अंगणात, कुणी आणली नाही. मला खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी खूप बरंही वाटलं. दुकान तासभर बंद ठेवलं.

हे लिहू का, म्हणून दाजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिहा की. गावात तुमचा ब्लॉग कोण वाचतंय?" आणि पाठोपाठ एक फोटो पाठवला. एसटीच्या थांब्यामागची भरावाची माती पावसाने वाहून गेलेली, आणि त्यातून एक नारळ वर आलेला. हिरवा कोंब फुटलेला, दोन पानं. सालावर पुसट हिरवा ठिपका.

दुसरा फोटो शालूताईंचा. तेच रोप त्यांच्या अंगणात, आंब्याशेजारी, जिथे तात्यांची खाट असायची तिथे लावलेलं. भोवती काट्यांचं कुंपण. खाली त्यांनी लिहिलं होतं: "दाजी स्वतः खणून लावून गेला. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, होळीला मागायला येऊ नकोस, मिळायचा नाय."

मी दाजींना विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, बरं," त्यांनी लिहिलं. "शिमग्याला या. विडा खाऊ नका."